घडविलेल्या स्वभावाचे ऋण

दया आणि ऋण ह्या दोन शब्दांमधील भेद आपल्या नित्याच्या बोलण्यात पुष्कळदा पुसट होऊन जातो. रस्त्यावरच्या उपाशी कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकणे ही दया. तो टाकला तर पुण्य. न टाकला तर फार तर मनाला थोडी चुटपुट लागते. ऋणाचे तसे नसते. ऋण फेडणाऱ्याने विशेष असे काही केलेले नसते, आणि न फेडणारा मात्र दोषी ठरतो. घरात आणलेल्या प्राण्याविषयीचे आपले कर्तव्य ह्यांपैकी कोणत्या सदरात घालावयाचे? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु एका विशिष्ट जातीच्या कुत्र्याच्या निमित्ताने त्याचा विचार केला, तर तो दिसतो तितका किरकोळ नाही असे आढळून येईल.

सुरत शहराच्या पूर्व अंगास पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. नाव पर्वताचे असले तरी तापीच्या ह्या सपाट गाळाच्या प्रदेशात पर्वत सोडाच, धड टेकाडही दृष्टीस पडत नाही. पर्वत हे तिथल्या जुन्या खेड्याचे नाव. आणि हमरस्त्यावरून गावाची वाट जिथे फुटते तिथल्या पाटीला, व पाटीवरून त्या थांब्याला, गुजरातीत ‘पाटिया’ म्हणतात. आज तिथे कापडाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती आहेत. आणि लगतच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली ह्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. इतर शहरांप्रमाणे इथल्याही फ्लॅटांत अलीकडे बीगल जातीचा कुत्रा पाळण्याची हौस आली आहे. पांढऱ्या, काळ्या व तांबूस रंगांचा, लोंबत्या कानांचा, डोळ्यांत कायमची काही विनवणी असलेला हा ठेंगणा प्राणी कोणालाही आवडावा असाच असतो. मालक दोरी पुढे ओढतो आहे आणि कुत्रा नाक जमिनीला लावून जागच्या जागी रुतून बसला आहे, हे दृश्यही मग नेहमीचे होते. त्या ओढाताणीत आपला सारा प्रश्न साठविलेला आहे.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात: एक नजरेवर धावणाऱ्यांचा, दुसरा वासावर माग काढणाऱ्यांचा. आपल्या दख्खनची कुत्री पहिल्या वर्गातली. मराठवाड्याकडचा कारवानी काय किंवा बागलकोटकडचा मुधोळ काय, लांब पाय, खोल छाती आणि निमुळते तोंड ही त्यांची लक्षणे. उघड्या माळावर ससा दुरूनच दिसतो; तिथे डोळा आणि वेग ह्यांचे काम. इंग्लंडच्या ओलसर, झुडपांच्या आणि कुंपणांच्या प्रदेशात ससा दिसत नाही, पण त्याने मागे ठेवलेला वास दमट गवतावर रेंगाळत राहतो. तिथे डोळ्यापेक्षा नाक मोलाचे ठरले. बीगल हा त्या नाकाचा वारस होय. आजच्या बीगलाची वंशावळ सामान्यतः १८३०च्या सुमारास एसेक्स परगण्यात फिलिप हनिवुड ह्या धर्मोपदेशकाने बांधलेल्या कळपापासून धरली जाते. इंग्लंडातील बीगल क्लबाची स्थापना १८९० साली झाली. उंची १३ ते १६ इंच, वजन सुमारे १० ते ११ किलो. ह्या कळपामागून शिकारी घोड्यावर बसून नव्हे, तर पायी जात. म्हणूनच त्याची उंची आणि त्याचा वेग दोन्ही माणसाच्या चालीला बेताचे ठेवले गेले.

ह्या कामातूनच त्याचा स्वभाव उतरला आहे, आणि तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लक्ष असतात; बीगलाच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात. एकदा नाक वासात गुंतले की त्याला धन्याची हाक ऐकू येत नाही. ह्याला आपण हट्ट म्हणतो. पण माग चालू असताना दर हाकेसरशी मागे वळणारा कुत्रा शिकाऱ्याच्या काय उपयोगाचा? तो न वळावा म्हणूनच पिढ्यानुपिढ्या निवडला गेला. त्याचा लांबवर जाणारा, विव्हळल्यासारखा स्वर शेजाऱ्यांना असह्य होतो. पण झुडपात दिसेनासा झालेला कळप कुठे आहे हे मागून पायी येणाऱ्याला कळावे म्हणूनच तो स्वर जोपासला गेला. शेपटीचे पांढरे टोकही उंच गवतात दिसण्यासाठी जपलेली खूण आहे. त्याला एकटेपणा सोसत नाही, कारण तो कळपात राहण्यासाठी घडविला गेला. आणि त्याचा सौम्यपणा, ज्यावर आपण भाळतो, तोही ह्याच कळपाची देणगी आहे: दहा-वीस कुत्री एका ठिकाणी राहावयाची, तर भांडखोर कुत्र्याला तिथे जागा नसे. म्हणजे ज्यांना आपण त्याचे गुण म्हणतो आणि ज्यांना दोष म्हणतो, ती एकाच कापडाची सुलट आणि उलट बाजू आहे. सुरतेच्या माणसाला हे अधिक सांगावयास नको. उभे धागे ठेवून आडवे काढून टाकले तर कापड उरत नाही.

डार्विन ज्या जहाजातून १८३१ ते १८३६ ह्या काळात जगप्रवासाला गेला, त्याचे नाव ह्याच कुत्र्यावरून ‘बीगल’ असे होते, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ त्याने रानातल्या प्राण्यांपासून केला नाही. माणसाने पाळलेल्या प्राण्यांपासून आणि वनस्पतींपासून केला. माणूस आपल्याला हवे ते निवडतो, नको ते वगळतो, आणि काही पिढ्यांत प्राण्याचे शरीर व स्वभाव दोन्ही बदलून जातात. रानातल्या लांडग्याचा स्वभाव निसर्गाने केला. त्याबद्दल कोणी आपल्याला जाब विचारू शकत नाही. बीगलाचा स्वभाव माणसाने केला. ज्याने केला त्याच्यावर त्याची जबाबदारी येते, हे आपण मुलांच्या बाबतीत मान्य करतो, गुरुशिष्यांच्या बाबतीत मान्य करतो. प्राण्यांच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

हा विसर किती दूर जाऊ शकतो, ह्याचे उत्तर विज्ञानाच्या प्रयोगशाळांत सापडते. औषधांच्या आणि रसायनांच्या विषारीपणाची परीक्षा करण्यासाठी जगभर जो कुत्रा मुख्यतः वापरला गेला, तो बीगलच. कारणे साधी आहेत. तो आकाराने लहान आहे, एका ठिकाणी पुष्कळ ठेवता येतो, आणि टोचणाऱ्या हाताला सहसा चावत नाही. १९५०नंतर अमेरिकेतील युटा विद्यापीठात किरणोत्सर्गी द्रव्यांचे परिणाम पाहण्यासाठी बीगल वापरले गेले. १९७० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविणारा जो प्रयोग जाहीर झाला, त्यात ८६ बीगलांपैकी बहुतेकांना श्वासनलिकेला पाडलेल्या छिद्रातून सिगारेटचा धूर घ्यावयास लावले होते. २०२२ साली व्हर्जिनिया राज्यातील एका पैदास-केंद्रातून सुमारे ४,००० बीगल न्यायालयाच्या हुकुमाने बाहेर काढून घरोघर द्यावे लागले. तो चावला असता तर कदाचित वाचला असता. कळपात सुखाने राहावा म्हणून आपण जो सौम्यपणा त्याच्यात रुजविला, तोच त्याच्या बंदिवासाचे कारण झाला.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका लेखण्यासारखा नाही. ह्या प्रयोगांतून आलेल्या औषधांनी माणसे वाचली आहेत; तापाने फणफणलेल्या आपल्या मुलाला गोळी देताना तिच्या पाठीमागच्या कुत्र्याचा विचार कोणती आई करील? करू नये, असेच मी म्हणेन. पण जिथे उपकार असतो तिथे ऋण नाहीसे होत नाही. उलट ते निश्चित होते. ते ऋण मानणाऱ्याने निदान एवढे विचारले पाहिजे की, दुसरी वाट आहे काय. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत ह्या विषयावरचे विधेयक मांडले. त्या प्रयत्नातून १९६०चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यात झाली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर परीक्षा करण्यास २०१४ साली बंदी आली. नव्या औषधांच्या परीक्षेत प्राण्यांऐवजी पेशींच्या वा संगणकाच्या पद्धती ग्राह्य धरण्याची मुभा २०२३ साली नियमांत आली. बंगळूरच्या ‘कूपा’ ह्या संस्थेने प्रयोगशाळांतून मोकळ्या झालेल्या बीगलांना घरे मिळवून दिली आहेत. वाट लांबची आहे, पण ती विचारल्यामुळेच सापडू लागली.

प्रयोगशाळेतून आपण पुन्हा सुरतेकडे वळू, कारण प्राण्यांविषयीच्या कर्तव्याचा विचार करण्याला ह्या शहराइतके योग्य स्थळ क्वचितच असेल. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघून पुढे इथे आला. शहराबाहेर वाण्यांनी चालविलेले प्राण्यांचे रुग्णालय होते, तिथे गाई, घोडे, शेळ्या आणि कुत्री, म्हातारी व लंगडी जनावरे मरेपर्यंत पोसली जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ढेकूण-पिसवांसाठीही तिथे सोय होती आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथे झोपवीत, ही हकीकतही त्याचीच. युरोपीय वाचकांना ह्याचे हसू आले. आपण हसण्याचे कारण नाही. जीवमात्रावरची ती दया खरी होती, आणि पांजरापोळाच्या रूपाने ती गुजरातेत आजही जिवंत आहे. तरीही त्या हकीकतीत विचार करण्याजोगे दोन मुद्दे आहेत. ढेकणांसाठी विकत घेतलेल्या त्या गरिबाच्या रक्ताचा हिशेब त्या दयेत कुठे होता? आणि जीव राखला म्हणजे कर्तव्य संपले, की त्या जीवाला त्याच्यासारखे जगता येते काय हेही पाहावयाचे?

दया दुसऱ्याचे दुःख पाहते. ऋण आपण काय केले ते पाहते. आपल्या परंपरेत हा दुसरा विचारही आहे. नित्याच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, आणि जेवणापूर्वी गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा घास बाजूला काढण्याचा आचार आहे. तो घास आपण औदार्याने देत नाही. तो त्यांचा वाटाच असतो. खानदेशचा शेतकरी पोळ्याच्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवितो, पुरणपोळी देतो आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. बैल हासुद्धा माणसाने घडविलेलाच प्राणी. त्याचे पौरुष आपण काढून घेतले, त्याची मान जुवाला दिली. त्या देण्याची आठवण म्हणून तो एक दिवस. बीगलाला पोळा नाही. त्याचे ऋण रोजच्या रोज फेडावे लागते, आणि ते पुरणपोळीने फिटत नाही.

पर्वत पाटियाच्या फ्लॅटात हा प्रश्न कसा उभा राहतो ते पाहा. घरातली माणसे सकाळी दुकानाला, शाळेला, कामाला जातात. कुत्रा एकटा राहतो, आणि कळप हरवलेल्या कुत्र्याने जे करावयाचे तेच करतो: स्वर लावून कळपाला हाका मारतो. भिंतीपलीकडे, किंवा मागच्या गल्लीतल्या खोलीत, एखादा यंत्रमागाचा कामगार रात्रपाळी करून नुकता आडवा झालेला असतो. बारा तास मागाच्या खडखडाटात काढलेल्या त्या माणसाची झोप ही चैन नव्हे. ते त्याचे उद्याचे अन्न आहे. तो तक्रार करतो तेव्हा त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मग घरधनी काय करतो? कुत्र्याला मारतो, गॅलरीत बांधतो, किंवा गळ्याची शस्त्रक्रिया करून त्याचा आवाजच काढून टाकता येतो असे कोणी सांगितले तर तेही ऐकून घेतो.

महाभारताच्या आरंभीची एक कथा इथे आठवते. जनमेजयाच्या यज्ञात आलेल्या एका कुत्र्याला राजाच्या भावांनी मारले. त्याची आई सरमा. परंपरा जिला देवशुनी म्हणते, आणि पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढीत जी रसा नदी ओलांडून गेल्याचे ऋग्वेद सांगतो, तीच ही. माग काढणाऱ्या सगळ्या कुत्र्यांची ती आदिमाता म्हणावी. कोंकणीतला ‘सुणें’ हा शब्द, जो जुन्या मराठीतही होता, त्याच शुनीच्या कुळातला. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला तोंड लावले नाही, मग त्याला का मारले? राजपुत्रांपाशी उत्तर नव्हते. ज्या ग्रंथाच्या शेवटी धर्मराज एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो, त्याच्या आरंभी निरपराध कुत्र्याला मारल्याचा हा जाब आहे. बीगल ओरडतो तेव्हा तोही निरपराधच असतो. अपराध असेल तर ज्याने त्याला एकटे ठेवले त्याचा. आणि तो अपराध दोघांचा आहे, कुत्र्याचा आणि त्या झोपमोड झालेल्या कामगाराचाही. म्हणून ह्या दोन देण्यांत विरोध नाही. कुत्र्याचे देणे नीट दिले की शेजाऱ्याचेही बहुतेक आपोआप दिले जाते.

ते देणे कोणते, हे आता सांगितले पाहिजे. कारण नीतीचा विचार हातापायांपर्यंत पोहोचला नाही तर तो पोकळ राहतो. पहिले देणे नाकाचे. रोज दोन वेळा, सुरतेच्या उन्हाळ्यात तर सूर्य वर येण्यापूर्वी आणि डांबर निवल्यानंतर, त्याला बाहेर न्यावे, आणि त्यातला निदान अर्धा वेळ त्याचा मानावा: तो थांबेल तिथे थांबावे, हुंगू द्यावे, ओढू नये. इंग्रजांनी कोल्ह्यांच्या शिकारीसाठी ह्या देशात आणलेली बीगलाची भाऊबंद कुत्री मैदानातल्या उन्हाने हैराण होत, हे ध्यानात ठेवावे. त्याला रस्त्यावर मोकळे कधीही सोडू नये. वास मिळाला की त्याला मोटार दिसत नाही. पावसाळ्यात बाहेर नेता येत नसेल तर घरातच त्याचे खाणे जुन्या कापडांत, खोक्यांत लपवून त्याला शोधू द्यावे. अशा अर्ध्या तासाने तो जितका निवतो तितका नुसत्या धावण्याने निवत नाही. दुसरे देणे सोबतीचे. दिवसभर ज्या घराला कुलूप असते त्या घराने हा कुत्रा आणू नये. तिसरे देणे शरीराचे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, आणि इथल्या दमट पावसाळ्यात ते चटकन चिघळतात. ते आठवड्याला तपासून पुसावेत. गोचीड पाहावेत, पिसाळण्याची लस वर्षाच्या वर्षाला टोचून घ्यावी. तो खादाड आहे आणि त्याचे डोळे मागण्यात पटाईत आहेत. त्या डोळ्यांना भुलून घातलेला प्रत्येक घास पुढे त्याच्या पाठीच्या कण्यावर आणि हृदयावर बसतो. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकोलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. तेव्हा भरीत आणि शेवभाजी आपल्या ताटातच राहू द्यावी. शाकाहारी घरांत ह्या कुत्र्याला काय घालावे हा प्रश्न प्रामाणिकपणे पशुवैद्यापुढे ठेवावा. आपले व्रत त्याच्या पोटावर न विचारता लादू नये. एवढे केले तर तो बारा ते पंधरा वर्षे सोबत करतो. म्हणजे हे बारा-पंधरा वर्षांचे देणे आहे, हे घरात आणण्यापूर्वीच मोजून घ्यावे.

ह्यात दयेचे काही नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. १९६०च्या त्याच कायद्याने कुत्र्याला सदैव बांधून वा कोंडून ठेवणाऱ्या आणि त्याला पुरेसे फिरवून न आणणाऱ्या मालकाला क्रूरतेचा अपराधी ठरविले आहे. म्हणजे फिरवून आणणे हा मालकाचा मोठेपणा नव्हे. ते न करणे हा गुन्हा आहे. कायद्याने इथे ऋणाचीच भाषा वापरली आहे.

कोणी म्हणेल, ज्या वस्तीत एका खोलीत आठ-दहा कामगार पाळीपाळीने झोपतात, तिथे कुत्र्याच्या नाकाच्या हक्काची चर्चा शोभते काय? हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. त्याला माझे उत्तर असे की, माणसाचे देणे आधीचे आहे ह्यात शंका नाही; पण एक देणे बाकी आहे म्हणून दुसरे बुडविण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय ही दोन्ही देणी बुडविणारी वृत्ती एकच असते. जो सौम्य आहे, जो चावत नाही, जो परगावाहून आला आहे आणि ज्याच्या मागे कोणी नाही, त्याच्याकडून हवे ते काढून घ्यावे आणि उरलेल्या भागाची तक्रार करावी, ही ती वृत्ती. कामगाराचे हात हवे असतात, त्याची वस्ती नको असते. बीगलाचे डोळे हवे असतात, त्याचा आवाज नको असतो. दोन्ही ठिकाणी आपण अर्धे घेऊन अर्धे नाकारीत असतो. आणि जो अर्धेच स्वीकारतो त्याने खरे म्हणजे काहीच स्वीकारलेले नसते.

म्हणून ज्याला हे देणे झेपणार नाही त्याने बीगल घरात आणू नये. न आणणे हाही ऋण न चढविण्याचा एक सरळ मार्ग आहे. ज्याच्या घरी तो आधीच आला आहे, त्याने मात्र तो पूर्ण आला आहे हे मान्य करावे: नाकासकट, आवाजासकट, हट्टासकट. सकाळी कॅनॉल रोडच्या कडेने चालताना तो एखाद्या गवताच्या काडीपाशी थबकला, तर त्या काडीत रात्रीची कोणती हकीकत लिहिली आहे हे आपल्याला कधीच कळावयाचे नाही. ती त्याला वाचू द्यावी, आणि तेवढा वेळ दोरी सैल सोडून उभे राहावे.